ग्रुप होममधली माणसं म्हातारी होतायत, तर घरात आधी काय बदलायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरला सुदामा नगरकडे दिव्यांग माणसांसाठी पालकांच्या ट्रस्टचं दुमजली घर, म्हणजे ग्रुप होम, आहे, नऊ जण राहतात, सगळ्यात लहान 38 चा आणि सगळ्यात मोठे 58 चे, आणि झोपायच्या खोल्या बहुतेक वरच. त्यातल्या एकाला, डाऊन सिंड्रोम, वय 47, गेल्या काही महिन्यांपासून रात्री उठून घरभर फिरायची सवय लागलीये, जिन्यावर मध्येच अडतो, संडास कुठे आहे ते विसरतो. दुसऱ्या एक बाई, सेरेब्रल पाल्सीवाल्या, बाथरूममध्ये दोनदा पडल्या. कमिटीत दोन पार्ट्या झाल्यात, एक म्हणते लिफ्ट लावा, दुसरी म्हणते हे आता आपल्याच्याने होणार नाही, दोघांना वृद्धाश्रमात हलवा. आणि हातात सात-आठ लाख आहेत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं माणसाला जमावीत म्हणून मदत करणारी, अशाच घरांमधून काम करत आलेय, आणि माझं मत आधीच सांगून टाकते: लिफ्ट आत्ता नको, वृद्धाश्रम तर अजिबात नको. साध्या वृद्धाश्रमातल्या स्टाफला बौद्धिक दिव्यांग माणसाची सवय नसते, तो चिडला की सरळ झोपेची गोळी, आणि वीस वर्षं ज्या घरात राहिला ते घर, ती माणसं, ते ताट-वाटी एकदम गेलं की जे काही शिल्लक होतं तेही पटकन जातं. आणि लिफ्टचं म्हणाल तर ती लावली की पैसे तिथेच संपले, आणि ज्याला रात्री संडास सापडत नाही त्याला लिफ्टचं बटण काय सापडणार? ठेकेदाराला बोलवायच्या आधी डॉक्टरला बोलवा, हे पहिलं.

कारण काय आहे ना, डाऊन सिंड्रोमचा माणूस पंचेचाळिशीनंतर गोंधळायला लागला की सगळेच पटकन अल्झायमर म्हणून मोकळे होतात. असू शकतो, नाही असं नाही. त्यांच्यात 21 व्या क्रोमोसोमची एक प्रत जास्त असते आणि ज्या जीनपासून पुढे अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) तयार होतं तो नेमका याच क्रोमोसोमवर बसलाय, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत अल्झायमरच्या खुणा असतात आणि लक्षणं साधारण पन्नाशीच्या आसपास दिसायला लागतात, म्हणजे बाकीच्या लोकांपेक्षा वीसेक वर्षं आधी. पण अगदी असाच दिसणारा गोंधळ थायरॉइड कमी झाल्यानेही होतो, आणि यांच्यात थायरॉइड फार कॉमन. बी-12 कमी असेल, मोतीबिंदू असेल, कानाची नळी मुळातच अरुंद म्हणून आत मळ घट्ट बसून ऐकूच येत नसेल, झोपेत श्वास अडकत असेल म्हणून दिवसभर पेंगत असेल, फिटची कार्बामाझेपिन चालू असेल आणि सोडियम खाली आलं असेल, लघवीचं इन्फेक्शन, दाढ दुखतेय पण सांगता येत नाही, आठवडाभर पोट साफ नाही, हे सगळं आधी बघून घ्या. चाल अचानक बदलली किंवा लघवीवरचा ताबा एकदम गेला तर मानेचे मणके आवर्जून तपासायला सांगा, डाऊन सिंड्रोममध्ये वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जू दाबला जातो. आणि हो, घरात कोणी गेलं का नुकतंच? आई गेली आणि 'त्याला कुठे कळतंय' म्हणून कोणी सांगितलंच नाही, असं बऱ्याच घरांत होतं, मग तो रात्री उठून शोधत फिरतो आणि आपण त्याला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणतो.

औषधांची पिशवी पण घेऊन जा, सगळी, अॅलर्जीच्या गोळ्यांसकट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कधीतरी 'मारतो, ओरडतो' म्हणून सुरू केलेलं हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन, त्याने हात कापतात म्हणून जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल, झोप नाही म्हणून क्लोनाझेपाम, हे कॉम्बिनेशन कितीतरी जणांचं तसंच चालू असतं आणि कोणी परत बघितलेलंच नसतं. ट्रायहेक्सीफेनिडिल आणि एव्हिलसारख्या अॅलर्जीच्या गोळ्या म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ वाढवतात, पोट कडक करतात, लघवी अडवतात. क्लोनाझेपामने पडतात. स्वतःहून काही बंद करू नका हं, फिटची तर नाहीच नाही, पण सायकियाट्रिस्टला सरळ विचारा की यातलं आज काय लागतंय आणि काय हळूहळू कमी होईल.

डॉक्टर हमखास विचारतील 'आधी कसा होता?' आणि तिथे सगळे गप्प होतात, कारण स्टाफ बदललेला, आई-वडील ऐंशीचे. नेहमीच्या मेमरी टेस्टचा इथे उपयोग नाही, ज्याला शंभरातून सात कधीच वजा करता येत नव्हते त्याला आज येत नाहीत यावरून काय कळणार, त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी लागते. म्हणून आज नऊच्या नऊ जणांचे मोबाईलवर छोटे व्हिडिओ करून ठेवा: चालताना, एक जिना चढताना, शर्ट घालताना, जेवताना, भावंडांची नावं सांगताना. दर वर्षी तेच परत. सोबत डिमेन्शियाची सुरुवातीची लक्षणं टिपायचा एनटीजी-ईडीएसडी नावाचा एक फॉर्म आहे, फुकट मिळतो, रोज सांभाळणाऱ्यानेच भरायचा असतो, डाऊन सिंड्रोमवाल्यांचा चाळिशीपासून दर वर्षी भरावा. त्याने निदान होत नाही पण डॉक्टरपुढे ठेवायला कागद होतो. त्यात विसरण्यापेक्षा स्वभावातले बदल नीट लिहा, कारण यांच्यात कितीदा पहिल्यांदा स्मरणशक्ती नाही जात, माणूस हट्टी होतो, गप्प होतो, आवडीचं काम सोडून बसतो. आणि सकाळी सकाळी हातातून कप पडतो, हाताला झटका बसतो, असं काही दिसलं तर 'धांदरट झालाय' म्हणून सोडू नका, डाऊन सिंड्रोममध्ये या वयात नव्याने फिट्स सुरू होणं हा अल्झायमरचाच भाग असू शकतो.

सेरेब्रल पाल्सीवाल्या ताईंचं प्रकरण वेगळं आहे, दोघांना एका फाईलमध्ये घालू नका. त्यांचा मेंदू नाही बिघडत चाललेला, आयुष्यभर ताठ स्नायूंनी चालून चालून खुबा-गुडघे झिजलेत आणि चाळिशी-पंचेचाळिशीत चालणं कमी होणं यांच्यात बरंच दिसतं. त्यांना लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर द्या आणि घरातलं थोडं चालणं राखून ठेवा. पालक म्हणतात 'आता चेअरवर बसवली तर कायमची बसेल'. उलट आहे, दमून पडली आणि खुबा मोडला तर कायमची बसेल.

आता घर. सगळ्यात आधी बाथरूम, बाकी सगळं नंतर. टेप घेऊन दाराचं माप काढा, आपल्याकडे जुन्या घरांत अडीच फुटांचं दार असतं, कधी त्याहूनही कमी, आणि व्हीलचेअरला मोकळी जागा 900 मिमी म्हणजे जवळजवळ तीन फूट लागते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, कारण माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, आणि कडी बाहेरूनही उघडेल अशी. उंबरा काढून टाका, पाणी बाहेर येईल म्हणून मिस्त्री वाद घालेल, त्याला सांगा उतार आत दे आणि दारात जाळीची नाली कर. कमोडच्या शेजारी आणि समोर हँडल, पण भिंतीत नीट अँकर घालून, टॉवेलच्या दांडीवर कोणाचा भार टाकू नका. आंघोळ बसूनच, आणि त्यासाठी प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, हात टेकायला दांडे असलेली जड खुर्ची. गिझरचं थर्मोस्टॅट खाली आणा आणि बादलीत आधी गार मग गरम हा नियम करा, यांच्यातल्या काहींना भाजलं तरी पटकन ओरडता येत नाही.

रंगाचं मात्र लोक ऐकत नाहीत. पांढऱ्या टाईल्स, पांढरं कमोड, पांढरी सीट, ते आपल्याला स्वच्छ वाटतं, पण मोतीबिंदू आणि डिमेन्शिया असलेल्याला तिथे काहीच दिसत नाही, मग तो कोपऱ्यात लघवी करतो आणि शिव्या खातो. सीट गडद निळी किंवा लाल टाका, काही शे रुपयांचं काम आहे, बादली-मगही गडद घ्या. संडासाचं दार एका रंगाचं, घरात दुसऱ्या कुठल्याच दाराला तो रंग नको, आणि त्यावर कमोडचा मोठा फोटो नजरेच्या उंचीवर लावा, आणि डाऊन सिंड्रोमवाल्यांची उंची कमी असते म्हणून त्यांच्या नजरेच्या, आपल्या नाही. रात्री बाथरूमचा लाईट चालू आणि दार उघडं ठेवलं तर बऱ्याचदा फिरणं तिथेच थांबतं, कारण बेडवरून कमोड दिसतो.

जमिनीचं पण तसंच. तुमच्याकडे हॉलमध्ये चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल आणि पॅसेजला काळपट कोटा फरशी आहे असं लिहिलंय, तर तो माणूस कोट्याच्या पट्टीपाशी थबकतो ना? त्याला तो खड्डा वाटतो, आणि चकचकीत टाईल ओली वाटते. तो नाटकं नाही करत, त्याला खोल-उथळ कळत नाहीये. सगळी फरशी उखडायची गरज नाही, जिथून तो रोज जातो त्या वाटेवर एकाच मॅट रंगाचं अँटी-स्किड व्हिनाईल घाला, पायपुसणी आणि सतरंज्या उचला, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, कठडा दोन्ही बाजूंनी. लाईट दुप्पट करा पण डोळ्यांवर येणारा नको. आरसा बघून घाबरत असेल किंवा 'तो कोण आलाय' म्हणत असेल तर आरशाला पडदा लावून टाका. आणि संध्याकाळी सहाच्या आधीच सगळे दिवे लावा, तिन्हीसांजेच्या सावल्यांत यांची बेचैनी वाढते.

लिफ्टऐवजी खोल्या बदला. ऑफिस आणि स्टोअर वर न्या, खाली दोन बेडरूम काढा, शक्यतो बाथरूमला लागून, आणि ज्यांना पुढच्या दोन-चार वर्षांत लागणार आहे त्यांना आत्ताच खाली आणा. हे हलवणं लवकर करायला हवं, अजून नवीन जागा शिकता येतेय तोवर, एकदा आजार पुढे गेला की शेजारची खोलीही परकी होते. पलंग तोच, चादर तीच, देवाचा फोटो त्याच बाजूला. समोरचा ओटा दोन फुटांचा असेल तर 1:12 च्या हिशोबाने रॅम्प 24 फूट लांब होतो, तुमच्या फाटकापासून तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा लागेल. स्कूटर चढवायला केलेल्या घसरगुंडीवरून व्हीलचेअर कधीच उतरवू नका.

बाहेर जाण्याच्या भीतीने लोक कुलूप लावतात. नको, रात्री आग लागली तर नऊ माणसं आत अडकतील. दाराला चुंबकाची साधी बेल मिळते, उघडलं की वाजते. मुख्य दार भिंतीच्याच रंगात रंगवा म्हणजे नजर तिकडे जात नाही, शर्टाच्या आत फोन नंबर शिवून ठेवा, आणि पोलीस चौकीत फोटो देऊन ठेवा. पण त्याआधी तो का फिरतो ते आठवडाभर वेळेसकट लिहा. बऱ्याचदा भूक असते, लघवी असते, नाहीतर दुपारी तीन तास झोपवलेला असतो म्हणून रात्री झोप नसते. पलंगाला उंच कठडे मात्र लावू नका, ते चढून जातात आणि जास्त उंचीवरून पडतात, पलंगच ठेंगणा करा आणि बाजूला गादी टाका.

खरा खर्च रात्रीचा आहे, आणि कमिटीच्या बजेटमध्ये तो नाहीचये. सध्या एक मावशी 'झोपायला' असतात असं तुम्ही लिहिलंय, आता तिथे जागणारं माणूस लागेल, आठवड्यातून सुट्टी धरली तर एका पगारात भागणार नाही. देणगीदार लिफ्ट आनंदाने देतात कारण त्यावर आजोबांच्या नावाची पाटी लागते, रात्रीच्या मावशींच्या पगारावर पाटी लावता येत नाही, त्यामुळे तो कोणी देत नाही. म्हणून माझा सल्ला, सात-आठ लाखांपैकी बाथरूम, वाट, लाईट, रॅम्प यावर अर्धे घाला आणि अर्धे रात्रीच्या ड्युटीसाठी बाजूला काढा, तोवर दर महिन्याची वर्गणी वाढवायचं पालकांशी बोला. कडवट वाटेल पण हे बोलणं टाळलं की सगळं त्या एका मावशीच्या कमरेवर येतं. उचलायचं कसं, ट्रान्सफर बेल्ट (कमरेला बांधून आधार द्यायचा पट्टा) कसा वापरायचा हे फिजिओकडून शिकवून घ्या, काखेत हात घालून ओढणं बंद.

खाण्याचं इंदूरमध्ये वेगळं सांगावं लागतं. सकाळचे पोहे, वर शेव, वर कच्चा कांदा, हे गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी जवळजवळ सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन आहे, कोरडं, सुटं, भुरभुरणारं. गराडू (तळलेला कंद), नमकीन, शेंगदाणे, चिकट साबुदाण्याची खिचडी, सगळंच जपून. भुट्ट्याचा किस मात्र दुधात मऊ शिजवलेला, तो छान चालतो, फोडणीतली मिरची-मोहरी सोडून. दलिया, मऊ खिचडी, कढी-भात मिसळून. काट्याने दाबलं की दबून तसंच राहिलं पाहिजे, परत फुगून आलं तर अजून मऊ करा. जेवताना पाठ ताठ, घास छोटा, टीव्ही बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना खोकला, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला, वारंवार ताप, अशी लक्षणं असली तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, कारण डाऊन सिंड्रोम आणि डिमेन्शिया असलेल्यांचा जीव बऱ्याचदा न्यूमोनियानेच जातो, अन्न श्वासनलिकेत जाऊन. शेवटच्या टप्प्यात कोणी नाकात नळी घालू म्हणालं तर घाईने हो म्हणू नका, प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही, हाताने हळूहळू भरवणं हाही एक पूर्ण विचारपूर्वक निर्णय आहे. हे पालकांशी आणि डॉक्टरशी आधी बोलून लिहून ठेवा, इमर्जन्सीच्या दारात नाही.

दिवसाचा कार्यक्रम सैल करा. पन्नाशीतल्या माणसाला रोज नऊ ते चार वर्कशॉपमध्ये पणत्या रंगवायला का बसवायचं, आपण रिटायर होतो तसा त्यालाही अर्धा दिवस द्या. पण संध्याकाळची आरती, टाळ, त्याची ठरलेली जागा, हे अजिबात हलवू नका. बोलणं बरंच गेलेली माणसंही 'सुखकर्ता' पूर्ण म्हणतात, गाणं मेंदूत उशिरापर्यंत टिकतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) मात्र आता टीव्हीवर, कमी आवाजात. वीस वर्षं गेला म्हणून याही वर्षी न्यायचं, तर त्या गर्दीत-भोंग्यात तो पूर्ण हरवतो आणि पुढचे चार दिवस ताळ्यावर येत नाही.

बाकीच्या आठ जणांना कोणी विचारलंच नाही, हे तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यांना दिसतंय की मित्र नाव विसरतो, दुसऱ्याच्या बेडवर जाऊन झोपतो. काही चिडतात, काही घाबरतात की आपल्यालाही होणार. सोप्या शब्दांत सांगा की त्याच्या मेंदूला आजार झालाय, तो मुद्दाम करत नाही, आणि हात लावल्याने दुसऱ्याला होत नाही. त्यांनी मदत केली तर छानच, पण त्यांना फुकटचा अटेंडंट बनवू नका, रूममेटची रोज रात्री झोप मोडत असेल तर त्याची खोली बदला. आणि स्टाफला एकच गोष्ट घोटून घ्या: वाद घालायचा नाही. 'आई कुठेय' म्हणाला तर पहिल्यांदा खरं सांगा, पण आजार पुढे गेल्यावर दर तासाला 'आई वारली' सांगून त्याला दर तासाला रडवू नका, 'आईची आठवण येतेय का, ती काय करायची तुझ्यासाठी' असं विचारा.

कागदांचं थोडक्यात. अठरा वर्षांनंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडून पालकत्व घ्यावं लागतं. ऑपरेशनच्या सहीच्या वेळी हे अडतं, आणि ऐंशीच्या वडिलांचं नाव असेल तर पुढे कोण, भाऊ की बहीण, तेही आत्ताच बघा. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा 1 लाखापर्यंतचा आहे, वयाची अट नाही, रिन्यू करायचा राहिलाय का तपासा. प्रत्येकाचं एक पान करून दाराशी लटकवा: औषधं, अॅलर्जी, दुखलं की तो काय करतो, काय घाबरवतं, कसं भरवायचं. एमवायला (सरकारी हॉस्पिटलला) न्या नाहीतर प्रायव्हेटला, ते पान आणि एक ओळखीचं माणूस सोबत गेलंच पाहिजे, सीसीटीव्ही वगैरे नंतर बघू, आणि बाथरूममध्ये तर कधीच नाही.

पावसाळ्याच्या आधी काम उरकायचं असेल तर मला तीन मापं पाठवा: खालच्या बाथरूमच्या दाराची रुंदी, ओट्याची उंची, आणि फाटकापासून ओट्यापर्यंतचं अंतर. आणि बाथरूमचा एक फोटो, दारात उभं राहून काढलेला. रॅम्प वळवायचा की मागच्या बाजूने काढायचा ते त्यावरून सांगते.